दोन स्टार आणि आईंची डुलकी

प्रश्न कोल्हापूरहून आलाय. थोडा कापून देतो.

'तुम्ही ज्या विनोदी मराठी सिनेमाला दोन स्टार दिलेत, तो आम्ही घरच्या सात जणांनी रविवारी पाहिला. थिएटर हाऊसफुल्ल, टाळ्या, शिट्ट्या. आई तीन वर्षांनी थिएटरात आली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. (मध्यंतरानंतर तिला जरा डुलकी लागली, पण ती जेवून आल्यामुळे.) त्याआधी तुम्ही चार स्टार दिलेला सिनेमा बघायला मी मंगळवारी रात्री गेलो होतो. अख्ख्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण, पुढच्या रांगेतला एकजण फोनवर बोलतोय आणि पडद्यावर नुसता काळोख. काही कळलं नाही. तुम्ही समीक्षक वेगळा सिनेमा बघता का? मग तुमचं वाचायचं तरी कशाला?'

हो, वेगळाच बघतो. तुम्ही टोमणा मारलात, पण तो अक्षरशः खरा आहे. २६ वर्षं परीक्षणं लिहून झाल्यावर हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

आमचा खेळ, म्हणजे सिनेमा लागण्याआधी समीक्षकांसाठी ठेवलेला प्रेस शो, कसा असतो ते आधी सांगतो. बुधवार किंवा गुरुवार, बरेचदा सकाळी ११ची वेळ. दीड-दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं. त्यातली निम्मी एकमेकांना इतकी वर्षं ओळखतात की कोण कुठल्या खुर्चीत बसणार हेही ठरलेलं. बाहेर निर्मात्याने ठेवलेली कॉफी आणि सँडविच. आत शांतता. विनोद आला तरी पहिला हसायला कोणी तयार नसतो, कारण दिवे लागल्यावर 'तुला ते आवडलं?' असं विचारणारा शेजारीच बसलेला असतो. त्यात दिग्दर्शक मागे दाराशी उभा राहून आमच्या मानांकडे बघत असतो. मान खाली-वर झाली की त्याला वाटतं, पसंत पडलं. बरेचदा आम्ही घड्याळ बघत असतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला तुमच्यापेक्षा चांगली मिळते, ती म्हणजे पडदा आणि आवाज. प्रेस शोच्या आधी निर्मात्याचा माणूस प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये जाऊन उजेड तपासतो, आवाज हवा तिथे लावून घेतो. तुमच्या मंगळवारच्या खेळाला तिथे कोण गेलं असेल? कोणीच नाही. आता बहुतेक ठिकाणी केबिनमध्ये माणूसच नसतो. सगळे पडदे सर्व्हरवर आधीच लावून ठेवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालतात.

म्हणून तुमचा 'पडद्यावर नुसता काळोख' हा शेरा मी गंभीरपणे घेतो. डिजिटल प्रोजेक्शनच्या मानकाप्रमाणे कोरा पांढरा पडदा १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साधारण ४८ निट्स (ही दोन्ही उजेड मोजायची एककं) इतका उजळ असायला हवा. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा जुना होत जातो तसा त्याचा उजेड उतरतो. दिवा महाग असतो, म्हणून तो लवकर बदलत नाहीत किंवा जास्त टिकावा म्हणून कमी ताकदीवर चालवतात. त्यातून थ्रीडीसाठी प्रोजेक्टरपुढे लावलेलं फिल्टर साध्या सिनेमाच्या वेळी बाजूला करायचं राहून गेलं, तर उरलासुरला उजेडही जातो. चकचकीत उजेडात घडणाऱ्या कौटुंबिक सिनेमाचं यात फारसं बिघडत नाही, माणसं ओळखू येतात. पण मी चार स्टार दिलेल्या सिनेमाची जवळजवळ निम्मी गोष्ट रात्री, एका वाड्यात, एका कंदिलाच्या उजेडात घडते. त्यातल्या थोरल्या भावाचा चेहरा जेमतेम दिसावा, पूर्ण दिसू नये, असं छायालेखकाने ठरवलेलं आहे. मी तो 'जेमतेम' पाहिला. तुम्हाला भाऊच दिसला नाही.

आवाजाचंही तसंच. सिनेमाचं ध्वनिमिश्रण ज्या पातळीवर करतात, ती हॉलच्या साउंड प्रोसेसरवर ७ या आकड्याला धरलेली असते. प्रत्यक्षात जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात म्हणून एखादा प्रेक्षक तक्रार करतो, मॅनेजर आकडा ५वर किंवा ४वर आणून ठेवतो आणि तो तिथेच राहतो. मग कुजबुजीत बोललेली वाक्यं एसीच्या घरघरीत बुडतात. पुढच्या रांगेतला माणूस फोनवर बोलत होता आणि तुम्हाला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता ना? त्यात त्याच्या घशाइतकाच हॉलच्या आवाजाचाही दोष असणार.

आता तुमच्या रविवारच्या सिनेमाकडे येतो. इथे मी चुकलोय, अर्धा.

परीक्षणात मी लिहिलं होतं, 'पूर्वार्धात संकलन सैल आहे, प्रत्येक विनोदानंतर पात्रं उगीच एकमेकांकडे बघत राहतात.' तुमचं पत्र आल्यावर मी दुसऱ्या रविवारी स्वतःचं तिकीट काढून ६.३०च्या खेळाला गेलो. पुण्यातलं जुनं थिएटर, बाल्कनीसकट जवळपास भरलेलं. तिथे कळलं की पात्रं उगीच बघत राहिलेली नाहीत. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो, ही साधी गोष्ट मराठी प्रेक्षकाला सांगायची गरज नाही. पण सिनेमातला नट थांबू शकत नाही, तो पडद्यावर आधीच बोलून मोकळा झालेला असतो. म्हणून हा हशा कुठे येणार, किती वेळ टिकणार, याचा अंदाज बांधून संकलक आधीच जागा सोडून ठेवतो. तिथे प्रश्नार्थक चेहरा, पंख्याकडे बघणं, चहाचा घोट असं काहीतरी भरतो. भरल्या थिएटरात त्या जागेत हशा बरोबर मावतो. आमच्या चौतीस गप्प माणसांत तीच जागा भोकासारखी दिसते. मी त्या भोकाला नाव ठेवलं. ते माप होतं, आणि अचूक होतं.

तेव्हा 'संकलन सैल' हे वाक्य मागे घेतो, पूर्वार्धापुरतं.

मग थिएटर हसलं म्हणजे सिनेमा चांगला, असंच ना? इथे मात्र मी तुमच्याबरोबर येणार नाही. थिएटरातला आवाज हा पुरावा आहे, पण तो वाचावा लागतो. भल्याभल्यांनी तो चुकीचा वाचलाय.

'शोले'चंच बघा. १५ ऑगस्ट १९७५ला तो आला, तेव्हा वर्तमानपत्रांतली बहुतेक परीक्षणं कडवट होती आणि धंद्यातल्या लोकांनी तर 'पडला' म्हणून हात झटकले होते. समीक्षक चुकले, प्रेक्षक बरोबर ठरले, अशी ही गोष्ट नेहमी सांगतात. पण सुरुवातीच्या दिवसांत प्रेक्षकांचाही मोठासा आवाज नव्हता, आणि धास्ती त्याचीच होती. यातला वरळीच्या गीता टॉकीजचा किस्सा प्रसिद्ध आहे. तिथल्या मालकांनी दिग्दर्शकाला सांगितलं म्हणे की काळजी करू नका, माझ्याकडे थंड पेयांची आणि खाण्याची विक्री घटली आहे, मध्यंतरात लोक उठतच नाहीत. शांतता त्या माणसाने गल्ल्याच्या बाजूने वाचली आणि बरोबर वाचली. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला, संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या, लोक पडद्याच्या आधी संवाद म्हणायला लागले. म्हणजे ज्याला आपण 'शोले'चा प्रेक्षक म्हणून ओळखतो, तो पहिल्या आठवड्यात तयारच व्हायचा होता.

त्याच साली 'जय संतोषी माँ' आला. लोक चपला काढून आत जात, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत. या प्रतिसादाला स्टार कुठून आणायचे? तिथे थिएटरचं देऊळ झालं होतं, आणि देवळात मूर्तीच्या शिल्पकामावर कोणी बोलत नाही. मी त्या वेळी लिहिता असतो तर मीही गप्प बसलो असतो, निदान घरी तरी.

आणि 'सैराट'. २९ एप्रिल २०१६. मी तो सोलापूरला, भर उन्हाळ्यात, दुपारच्या खेळाला पाहिला. 'झिंगाट' लागलं आणि पोरं खुर्च्या सोडून थेट पडद्याखाली गेली. डोअरकीपर काठावर उभा राहून मान डोलावत होता. तेव्हाच कोणी मला 'काय वाटतं?' विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जत्रा आहे. मग शेवट आला. त्या प्रसंगातून दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतलाय. तासाभरापूर्वी नाचलेली तीच पोरं, पण हॉलमध्ये खुर्चीचा स्प्रिंगही वाजला नाही. दिवे लागले तरी बराच वेळ कोणी उठलं नाही. मला त्या दिवशी कळलं की नाच हा सापळ्याचा भाग होता. आधी मनसोक्त नाचवल्याशिवाय तो शेवट इतका आत गेला नसता. प्रेस शोमध्ये बघून हे मला समजलं असतं का? शेवटाची कारागिरी समजली असती, पण त्या पोरांना त्याने कुठून कुठे आणून सोडलं, ते नसतं दिसलं.

म्हणून माझी आताची पद्धत अशी आहे. परीक्षण प्रेस शोवरून लिहितो, कारण शुक्रवारी पानाला ते हवं असतं. पण विनोदी सिनेमा, भुताचा सिनेमा आणि गाण्यांचा सिनेमा लोकांत बसून पुन्हा बघतो. पहिलं मत चुकलेलं असलं तर रविवारी तसं लिहितो. संपादकाला हे आवडत नाही. त्याचं म्हणणं, माणसाने एकदाच चुकावं.

बाकी प्रेक्षकांच्या रागाबद्दल एक गोष्ट सांगतो, ती थोडी बोचेल. मला येणाऱ्या रागाच्या पत्रांतली बरीचशी सिनेमाबद्दल नसतात, त्या संध्याकाळबद्दल असतात. सात तिकिटं, दोन गाड्यांचं पार्किंग, मुलांसाठी पॉपकॉर्नचे टब. तुमचा त्या रविवारचा आकडा तुम्हीच लिहून बघा. एवढं खर्चून बाहेर पडलेल्या माणसाला कोणीतरी 'दोन स्टार' म्हटलं की ते सिनेमाला न लागता त्याच्या निवडीला लागतं. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई करण्याचा हक्क थिएटरमालकाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलं. पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेऊ द्यायला हवं, हेही त्यातच आलं. पाणी मागून घ्या, लाजू नका. पैशाचा आणि मताचा संबंध किती घट्ट आहे हे मी २३ सप्टेंबर २०२२ला पाहिलं. त्या दिवशी राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभरातल्या मल्टिप्लेक्समध्ये ७५ रुपयांत तिकीट होतं. शुक्रवार असूनही सकाळपासून हॉल भरले. मी ज्या सिनेमाला बसलो तो सुमार होता. बाहेर पडणारे लोक हसत म्हणत होते, '७५मध्ये अजून काय पाहिजे?' तोच सिनेमा त्यांनी ३५० रुपयांत पाहिला असता तर मला पत्रं आली असती.

दुसरा गोंधळ दारातल्या माइकचा. सिनेमा सुटला की चार पोरं मोबाइल घेऊन उभी, 'सर, कसा वाटला? किती स्टार?' शेवटच्या गाण्याचा ढोल अजून छातीत वाजत असताना माणूस पाचपैकी पाच म्हणणारच, नाहीतर चिडला असेल तर शून्य. नोव्हेंबर २०२४मध्ये तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने थिएटरमालकांना सांगितलं की यूट्यूबवाल्यांना आवारात प्रतिक्रिया घेऊ देऊ नका. सुरुवातीचे काही दिवस परीक्षणांवरच बंदी घाला म्हणून ते मद्रास उच्च न्यायालयातही गेले. न्यायालयाने तशी बंदी घातली नाही, हे उत्तम झालं. तिकिटाचे पैसे ज्याने दिले त्याला बोलू नको म्हणणारे तुम्ही कोण? पैसे देऊन स्तुती करवून घेण्याचे प्रकार धंद्यात होतात हे सगळ्यांना माहीत आहे. ते थांबवायला निर्मात्यांना कोर्टात जायची गरज नाही, स्वतःचं पाकीट बंद ठेवलं तरी पुरे. पण माझं एवढंच म्हणणं आहे की दारातल्या प्रतिक्रियेवर कोणी फार विसंबू नये. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, सिनेमातलं काय आठवतं, ती खरी प्रतिक्रिया. ती विचारायला कोणी माइक घेऊन येत नाही.

आता तुमचा शेवटचा सवाल. वाचायचं कशाला?

स्टार बघायचे असतील तर वाचूच नका. स्टार हे संपादकाचं अपत्य आहे, मी फक्त सांभाळतो. पोस्टरवर छापायला बरे पडतात, बाकी त्यांना काही अर्थ नाही. अडीच आणि तीनमध्ये काय फरक, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. बऱ्याचदा तो फरक मी त्या दिवशी जेवलो होतो की नाही एवढाच असतो. परीक्षणात नामं शोधा, विशेषणं सोडून द्या. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'फसलेला' यातून काही कळत नाही. 'कंदील', 'वाडा', 'दहा मिनिटं कोणी बोलत नाही' यातून कळतं. तुम्हाला दहा मिनिटांची शांतता आवडते की नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझी एक मावशी आहे. मी ज्याला नावं ठेवतो तोच सिनेमा बघायला जाते, आणि वीस वर्षांत तिची निवड क्वचितच चुकली आहे. माझा सर्वांत चांगला उपयोग करून घेणारी वाचक तीच. २०२३ला 'बाईपण भारी देवा' लागला, तेव्हा ती परीक्षणासाठी थांबलीच नाही. भिशीतल्या बायकांबरोबर नऊवारी नेसून गेली आणि परत आल्यावर मला फोन केला, 'तू काय लिहिलंयस ते आता वाचते.' मंगळागौरीच्या स्पर्धेवरचा तो सिनेमा महाराष्ट्रभर बायकांनी असाच घोळक्याने पाहिला, थिएटरात फुगड्या घातल्या. त्या फुगडीला बाद करून परीक्षण लिहिणं खोटं ठरलं असतं. फुगडीपुढे लेखणी टाकून देणंही तितकंच खोटं.

आणि मंगळवारसाठी एक-दोन कामाच्या गोष्टी. छोटा मराठी सिनेमा बघायचाच असेल तर पहिल्या तीन दिवसांत बघा. मल्टिप्लेक्सनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमाला जागा द्यावी असं राज्य सरकारने २०१५मध्ये ठरवलं खरं. पण पहिला सोमवार उजाडला की रिकाम्या खुर्च्यांचं गणित सुरू होतं, आणि तुमच्या वाट्याला रात्रीचा शेवटचा खेळ आणि अकरा माणसं येतात. बसताना पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध बसा. आवाजाचा तोल त्याच्या आसपास बसून साधलेला असतो. पडदा अंधारा वाटला तर पहिल्या पाच मिनिटांत उठा. डोअरकीपरला सांगून फारसा उपयोग नाही, ड्यूटीवरच्या मॅनेजरला गाठा आणि 'चित्र नीट दिसत नाही' एवढंच न म्हणता 'थ्रीडीचं फिल्टर काढायचं राहिलंय का, बघता का?' असं विचारा. निम्मं काम त्या एका वाक्याने होतं, कारण त्याला वाटतं तुम्ही याच धंद्यातले आहात. आवाज कमी असेल तर 'प्रोसेसर कितीवर आहे?' विचारा. फोनवर बोलणाऱ्यासाठी मात्र तंत्रज्ञान नाही. 'ओ भाऊ, जरा हिरोलापण बोलू द्या' हे मी सांगलीत एका आजोबांकडून ऐकलं, त्यानंतर हॉलमध्ये त्या दिवसाचा सर्वांत मोठा हशा झाला आणि फोन बंद झाला.

आता राहिला तुमचा विनोदी सिनेमा. त्या रविवारी मी खिशात छोटी वही घेऊन गेलो होतो आणि अख्खं थिएटर हसलं की एक रेघ मारत होतो. मध्यंतरापर्यंत ४१ रेघा. मध्यंतरानंतर ९, त्यातल्या चार पहिल्या दहा मिनिटांत. संकलकाने हशासाठी जागा तिथेही सोडलेल्या होत्या, पण त्यात मावायला हशाच आला नाही. दोन स्टार त्यासाठी आहेत, आणि ते तसेच राहतील.

आई जेवून आल्या होत्या हे मला मान्य आहे. पण माझ्या शेजारचे गृहस्थ उपाशी होते. मध्यंतरात त्यांचा नंबर लागेपर्यंत सामोसे संपले होते. तरी पाऊण तासाने त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.